मुळ्या आणि भेगा

दिवाळीनंतरची गोष्ट. चिखलदऱ्याच्या बाजारात रस्त्याकडेला एक कोरकू आजी टोपलीत रानकंद घेऊन बसल्या होत्या. मातीने माखलेले ते कंद पाहून मला एमिली कामे उंग्वारे या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकर्तीचे १९९५ मधले चित्र आठवले. आठ मीटर लांबीचा काळा कॅनव्हास आणि त्यावर एकमेकींत गुंतत गेलेल्या पांढऱ्या रेषा. पंच्याऐंशीच्या घरातल्या एमिलीबाईंनी मांडी घालून दोन दिवसांत ते पुरे केले. विषय जमिनीखालचा एक कंद. त्यांच्या नावातला 'कामे' म्हणजे त्याच वेलीचे बी.

काहीशा उत्साहाने मी मोबाइलवर ते चित्र आजींना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"मुया हायेत ह्या. पन वेल वायला का नाई, हे कसं समजन?"

मला उत्तर देता आले नाही. या चित्राच्या अमूर्ततेविषयी मी बरेच वाचले होते; कंद खणायचा केव्हा, हा प्रश्न मनाला शिवलाच नव्हता. पुढे वाचनात आले की तो कंद पोसला म्हणजे वरची जमीन तडकते, आणि त्या रेषांत मुळ्यांबरोबर या भेगाही असतात. आजी विचारत होत्या ती खूण चित्रात होतीच. मी तिला नक्षी समजत होतो.

एमिलीबाईंच्या मुलखात विधीच्या वेळी स्त्रिया अंगावर रेषा रंगवतात. त्या रेषा १९७७ पासून बाटिकवर व पुढे कॅनव्हासवर आल्या, तरी हात बायकांचेच राहिले. आपल्याकडे वारल्यांचा लग्नचौक सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा, मधोमध पालघट देवी. सत्तरच्या दशकात चित्र कागदावर आले आणि नाव झाले ते मुख्यतः पुरुषांचे. जिव्या सोमा म्हसे थोरच. तरी ही अदलाबदल मला खटकते.

मेळघाटची बाई मराठी वाचकाला भेटते ती कुपोषणाच्या बातमीत. ती भूक खोटी नाही. पण पहाटे मोहफुले वेचणारी, कुठला कंद कसा खायचा हे जाणणारी बाई त्या बातमीत कधीच नसते.

मी कंदाचे कोरकू नाव विचारले. आजींनी तीनदा सांगितले. वहीत तिन्ही वेळा निराळे उतरले. त्या हसल्या, अर्धा किलो मोजून दिले आणि म्हणाल्या, "दोनदा उकडजा. पयलं पानी फेकून देजा."