हातात हात देण्याआधी

आमच्या सोलापूरकडच्या घरांत रुखसतीच्या वेळी मुलीचे अब्बा किंवा थोरला भाऊ तिचा हात नवऱ्यामुलाच्या हातात देतात. “आमची अमानत तुमच्या हवाली,” एवढंच बोलतात, आणि मंडपातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. आम्हा चारही भावंडांच्या लग्नात हे झालं.

मागच्या वर्षी आपाच्या मुलीचं, आमच्या भाचीचं लग्न ठरलं. तिनं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी लग्नात वधूवरांचे हात रेशमी फितीनं बांधलेले पाहिले होते. तिनं विचारलं, “मामू, आपल्यात हात बांधत नाहीत का?”

आम्ही सांगितलं, ती इंग्लंड-स्कॉटलंडकडची जुनी रीत. हातात हात देऊन शब्द द्यायचा, हे तिचं मूळ. फितीची हौस आता वाढली. स्कॉटलंडमध्ये तर दोघांनी एकमेकांना आत्तापासून नवराबायको मानलं, एवढ्यावर लग्न कायदेशीर ठरत असे, आणि हे 1940 पर्यंत चाललं. पण साक्षीदार नसले आणि उद्या एकजण फिरला, तर दुसऱ्यानं काय दाखवायचं? आपल्या निकाहात म्हणूनच दोन गवाह लागतात, मेहर ठरतो, चार लोकांत जाहीर होतं. हात देणं हा आपल्याकडचा रिवाज झाला. निकाह होतो तो इजाब आणि कुबूलनं.

आपा मेथी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, “माझ्याकडून कुबूल घेतलं कुणी?”

आम्ही गप्प झालो. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आम्हाला आठवत होता. वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत आले. बायकांची गर्दी, पोरांचा गोंगाट. आपा ओढणीखाली मान घालून बसलेली. वकिलांनी विचारलं न विचारलं, तोवर फुफीनं आपाची मान हातानं खाली दाबली आणि म्हणाली, “हां बोली, हां बोली.” वकील बाहेर गेले. छुहारे वाटले गेले.

“दूल्हेभाई चांगलेच निघाले की,” धाकटी म्हणाली.

“चांगलेच आहेत. अल्लाहचे उपकार. पण मेहर किती ठरला, ते मला वलीम्यानंतर कळलं. तुम्ही सगळे तिथंच होता.”

खरंच, आम्ही तिथंच होतो.

कुंवारी मुलगी लाजून गप्प राहिली तर तिचं गप्प राहणं हीच परवानगी, ही हदीस आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण तिला विचारल्याशिवाय निकाह करू नये, हे त्याच हदीसमध्ये आहे. सवलत आहे ती लाजणाऱ्या मुलीला, न विचारणाऱ्या घरच्यांना नाही. हजरत खनसा बिन्ते खिदाम (रजि.) आधी विवाहित होत्या. वडिलांनी मर्जीविरुद्ध निकाह लावला, तेव्हा त्या तक्रार घेऊन प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि तो निकाह रद्द झाला. कुरआननं या नात्याला ‘मीसाक-ए-गलीज’, म्हणजे पक्का करार म्हटलं आहे. ज्याच्या अटी एका बाजूला माहीतच नाहीत, तो करार पक्का कसा?

या वेळी निकाहनाम्याचा कोरा नमुना आम्ही आठ दिवस आधीच घरी आणला. भाचीनं तो वाचला. मेहर तिला विचारून लिहिला, किती रोख आणि किती बाकी तेही. फुफी नाराज झाली. “मुलगी मोठ्यानं बोलली तर लोक काय म्हणतील?” इमामसाहेबांनीच तिला समजावलं, “बोलू द्या. आमच्या गवाहांना ऐकू तरी येईल.”

निकाहच्या दिवशी वकील आत आले तेव्हा आपानं दारात उभं राहून सगळ्यांना गप्प केलं. पोरांना बाहेर काढलं. वकिलांनी मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहरची रक्कम सावकाश सांगितली आणि विचारलं. भाची क्षणभर थांबली. तेवढ्यात फुफीचा हात तिच्या मानेकडे निघाला. आपानं तो अलगद आपल्या हातात धरून ठेवला.

“हां, मंजूर है,” भाची म्हणाली. आवाज बारीक होता, पण गवाहांनी ऐकला. मग तिनं सही केली.

संध्याकाळी रुखसतीला दूल्हेभाईंनी लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. रिवाज तोच, रडूही तेच. आपा रडत होती, आणि फुफीचा हात तिनं अजून सोडला नव्हता.

आता धाकटीच्या मुलीची बोलणी सुरू आहेत. निकाहनाम्याचा नमुना आम्ही कपाटात जपून ठेवला आहे. तुमच्या घरी लग्न असेल, तर मेहंदीची तारीख ठरवाल त्याच दिवशी तोही मुलीच्या हातात द्या.