वाईचा घाट आणि आजोबांची वही

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी वाचकांच्या डोळ्यांपुढें यावें, हें साहजिक आहे. मी जी हकीकत सांगणार आहें ती मात्र पुण्याहून वाईपर्यंतच्या दोन-अडीच तासांच्या प्रवासाची. वाई हें माझें जन्मग्राम. मॅट्रिक होईपर्यंतचें आयुष्य मीं तेथेंच काढलें. पुढें शिक्षकीच्या निमित्तानें गांव सुटलें, तरी वर्षाआड जाणें-येणें चालूच होतें. तेव्हां नवें कांहीं पाहण्यास मी गेलों नव्हतों. मी गेलों तो एका जुन्या वहीकरितां.

त्या वहीची कथा अशी. गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या धाकट्या सुनेनें माळा आवरावयास काढला, तेव्हां पत्र्याच्या ट्रंकेंत पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं तांबड्या खारव्याची बांधणी असलेली एक लांबट वही निघाली. ती माझ्या आजोबांची. आजोबा वाईस एका वकिलांकडे कारकून होते. वही सारी मोडींत. मोडी मी अडखळत वाचतों. पण निवृत्त माणसास वेळेचा तोटा नसतो. चार महिने रोज दोन-दोन पानें लावीत ती मीं संपविली.

शके १८५६ पासून १८७१ पर्यंतचा सोळा वर्षांचा प्रपंच त्या वहींत उतरलेला आहे. दुधाचा रतीब, शिकेकाई, टपालहशील, मुलांच्या पाट्या-पेन्सिली, श्राद्धाची दक्षिणा, युद्धाच्या दिवसांत रेशनच्या दुकानांतून आणलेली ज्वारी. पैचाही हिशेब चुकलेला नाहीं. मधून मधून समासांत घरांतील जननमरणें टिपलेलीं आहेत. शके १८६१ मध्यें माझे काका जन्मले. तेथें नक्षत्र, घटका, पळें आणि बारशास ठेवलेलें नांव असा सर्व तपशील आहे. परंतु शके १८५८ च्या पानावर इतकेंच आहे: "कार्तिक शुद्ध ६. कन्या जाहली. सुईणीस १ रुपया." ही माझी आत्या. पुढें शके १८६५ च्या पानावर पुन्हां: "श्रावण वद्य ९. कन्या जाहली." आणि त्याच वर्षीं: "मार्गशीर्ष शुद्ध ३. मूल वारलें. वैद्यांस देणें राहिलें तें दिलें, १२ आणे." त्यानंतर नऊ दिवस पान कोरें. आजोबा आजारी असतील, असें समजून मीं पान उलटलें.

वडिलांना एकच बहीण, इतकेंच आम्हां भावंडांस ठाऊक होतें. ही दुसरी कन्या कोण, तिचें नांव काय, हें घरांत कधीं कोणी बोललें नाहीं. खरें सांगावयाचें तर मला आजोबांचा थोडा रागही आला. सुईणीचा रुपया लिहिला, वैद्यांचे बारा आणे लिहिले आणि लेकराचें नांव मात्र लिहावेंसें वाटलें नाहीं! वडील जाऊन वीस वर्षें झालीं, काकाही गेले. विचारावें असें एकच माणूस जगांत उरलें होतें, तें म्हणजे आत्या. ती नव्वदीच्या उंबरठ्यावर. तिच्या स्मरणाचा धागा तुटत चालल्याचें फोनवरून कळत होतें. तेव्हां थंडी सरण्याची वाट न पाहतां मीं वही पिशवींत घातली आणि स्वारगेटास एस्. टी. धरली.

खंबाटकीचा घाट ओलांडून गाडी सुरूरच्या फाट्यास वळली कीं मला आपल्या गांवची हवा लागते. दोहों बाजूंस ऊंस आणि हळद, समोर पांडवगड, आणि डोंगरांच्या कुशींत कृष्णेचें पात्र. वाईची सारी वस्ती नदीला धरून आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा सात आळ्या. त्यांचे घाट निरनिराळे, आणि हिवाळा सरतां सरतां एकामागून एका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधलेल्या देवळांतील ढोल्या गणपति सर्वांस ठाऊक आहेच. त्या देवळामागें आमचें घर होतें. आतां तेथें तीन मजली इमारत उभी आहे. तिच्याकडे पाहून परसांतील पारिजातक कोणत्या कोपऱ्यांत होता, हें मलाही सांगतां येईना. आत्याचें सासर ब्राह्मणशाहींत. तिचें माहेर आणि सासर यांत दोन हांकांचें अंतर. म्हणून ती जन्मभर याच नदीकांठीं राहिली.

पहिल्या दिवशीं मीं मोठी चूक केली. जेवणें आटोपल्यावर वही मांडीवर घेऊन, चष्मा लावून आत्यासमोर बसलों आणि तिला परीक्षेंतल्यासारखे प्रश्न विचारूं लागलों. शके १८६५ मध्यें घरांत कोण कोण होतें? श्रावणांत जन्मलेली मुलगी कोणती? तिचें नांव काय ठेवलें? आत्या माझ्याकडे पाहून हंसली आणि म्हणाली, "जेवलास का रे?" मीं पुन्हां विचारलें. "अरे, आतां काय आठवतंय मला!" असें म्हणून तिनें वातींचा कापूस पुढें ओढला. थोड्या वेळानें तिनें मला "दादा" म्हणून हांक मारली. दादा म्हणजे माझे वडील. मीं वही मिटली. उशीर झाला, असें मला त्या रात्रीं वाटलें, आणि झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मन रमावें म्हणून मेणवलीस पायीं गेलों. पाऊण तासाची वाट. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागें कृष्णेचा दगडी घाट आणि घाटावर देवळें. तेथेंच एका लहानशा दगडी मंडपांत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, त्या विजयांतील ही घंटा; तिच्यावर १७०७ हा सन आणि बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. मूळ कोणत्या देवळासाठीं ती ओतली आणि येऊन कोठें लागली! लहानपणीं आम्ही मुलें ती वाजवून पळत असूं. ती आई आणि तें मूल यांच्याकडे मीं लक्ष देऊन पाहिलें तें त्याच दिवशीं.

वाड्याच्या चौकांतून फिरतांना एक गोष्ट मनांत आली. फडणवीस म्हणजे दप्तर संभाळणारा. नानांनीं साऱ्या मराठी राज्याचा हिशेब राखला, आणि मेणवलीच्या दप्तराचे कागद इतिहाससंशोधकांस अनमोल ठरले. तरी त्या राजकारणी पुरुषाचें अंतःकरण पाहावयाचें तर त्यांच्या लहानशा आत्मचरित्राकडेच वळावें लागतें. तें अगदीं थोडक्या पानांचें आहे. लहानपणींची देवपूजेची आवड, तारुण्यांतील मनाची चंचलता, हें सर्व त्यांनीं आडपडदा न ठेवतां लिहिलें आहे. पानिपतास ते तीर्थयात्रेच्या हेतूनें आईला आणि पत्नीला घेऊन गेले होते. १४ जानेवारी १७६१ रोजीं रणांतून जीव वांचवून निघाले, तेव्हां त्यांना एकोणिसावें वर्ष चालू होतें. पत्नी वांचली, आई परत आली नाहीं. पुढें चाळीस वर्षें ज्यानें लक्षावधि रुपयांचे आंकडे तपासले, त्याच्या लेखणींतील ही हरवलेल्या आईची गोष्ट वाचतांना आज अडीचशेंहून अधिक वर्षांनींही वाचकाचा गळा दाटतो. दप्तरांतून राज्य कळतें. माणूस कळावयास हीं थोडकीं पानेंच लागतात.

घाटाच्या पायरीवर बसलों असतां मला माझे शास्त्रीबोवा आठवले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील केवलानंद सरस्वती, यांनीं १९१६ मध्यें स्थापिलेल्या प्राज्ञपाठशाळेमुळें वाईस शास्त्राध्ययनाची हवा होती. त्या हवेंत वाढलेल्या एका वृद्ध शास्त्र्यांपाशीं मीं तर्कसंग्रह शिकलों. ज्ञानाचे स्मृति आणि अनुभव असे दोन भाग पाडून, केवळ संस्कारापासून उपजतें तें ज्ञान म्हणजे स्मृति, असें तेथें सांगितलें आहे. शास्त्रीबोवा त्यावर म्हणत कीं, संस्कार आंत असला तरी आपण होऊन जागा होत नाहीं. त्याला उद्बोधक लागतें. हत्ती पाहिला कीं माहूत आठवतो, तसें. हें मीं पुढें विद्यार्थ्यांना कितीदां तरी समजावून सांगितलें होतें. आणि आत्यापुढें मात्र मी शकांचे आंकडे घेऊन बसलों! सात वर्षांच्या मुलीला शक कोठून ठाऊक असणार? तिला ठाऊक होती ती नदी.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं, उन्हें वर आल्यावर, आत्याच्या नातवानें रिक्षा आणिली. आम्ही दोघांनीं तिला हळूंच गणपतीच्या घाटावर नेलें आणि वरच्या पायरीवर सतरंजी घालून बसविलें. वही मीं घरींच ठेवली होती. नदींत पूर्वींसारखें पाणी नाहीं, आणि जें आहे तें पूर्वींसारखें स्वच्छही नाहीं. पण खालीं दोन बायका धुणें धूत होत्या आणि ओल्या वस्त्रांचा तो आपटण्याचा आवाज अगदीं पूर्वींचाच होता. बराच वेळ आत्या कांहीं बोलली नाहीं. मग आपला डावा हात कमरेशीं धरून म्हणाली, "आई खालीं धुणं धुवायची. ही माझ्या कडेवर असायची. जड होती रे!"

मीं हळूंच विचारलें, "कोण, आत्या?"

तिनें नांव सांगितलें. इतक्या सहजपणें, कीं जणूं तें कालच घेतलें होतें. मग एकेक निघूं लागलें. ती बाळी दिवा पाहून हंसे. आत्या तिला वरच्या पायरीवर घेऊन बसे, कारण पाण्याजवळ जाण्याची मनाई होती. मार्गशीर्षांत तिला खोकला झाला. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, रात्रीं दोनदां वैद्यांकडे गेले. दुसऱ्या वेळीं अनवाणीच गेले. तिसऱ्या दिवशीं सगळें संपलें.

"मग पाळणा माळ्यावर टाकला," आत्या म्हणाली. "आईनं तिचं नांव पुन्हां घेतलं नाहीं. म्हणून आम्हींही घेतलं नाहीं. अण्णा तर कित्येक दिवस कचेरींतच गेले नाहींत. नुसते ओटीवर बसायचे."

तेव्हां मला ते नऊ कोरे दिवस आठवले. सोळा वर्षांच्या वहींत दुसरीकडे कोठेंही एक दिवस कोरा नाहीं. आजीच्या विषमज्वरांत नाहीं, आजोबांची आई वारली तेव्हांही नाहीं. ज्या माणसावर मी मनांतून रागावलों होतों, त्यानें आपलें दुःख लिहिण्याची एकच रीत त्याला ठाऊक होती, त्या रीतीनें लिहून ठेविलें होतें. तें वाचण्यास मला आत्या लागली. आणखी दोन वर्षें मी स्वस्थ बसलों असतों, तर तीं कोरीं पानें कायमचीं कोरीं राहिलीं असतीं.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी वही असेल, आणि तीहून अधिक जुनें, अधिक नाजूक असें एखादें माणूसही असेल. थोरामोठ्यांचीं चरित्रें लिहावयास लेखक मिळतात. आपल्या घरच्या साध्या माणसांचें आपण लिहिलें नाहीं तर तें दुसरें कोण लिहिणार? रमाबाई रानडे यांनीं १९१० मध्यें आपल्या संसाराच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत न्यायमूर्तींचें मोठेपण तर आहेच, पण घरांतील सासुरवाडीचा जाच सोसून शिकणारी एक मुलगीही आहे, आणि ती दुसऱ्या कोणत्याही चरित्रकाराच्या हातीं लागली नसती. आपल्याला ग्रंथ लिहावयाचा नाहीं. दोन दिडक्यांची वही पुरे. मात्र माझ्या चुकीवरून शिकावें. वडील माणसास सन-तिथि विचारूं नये, काम विचारावें. पाणी कोठून आणीत होतां, दिवा कोण लावी, पंक्तीला कोण शेवटीं बसे, तें विचारावें. जमल्यास त्या जागीं न्यावें. आणि घाई करूं नये. पण उशीरही करूं नये.

त्या रात्रीं मीं शके १८६५ च्या पानावर, आजोबांच्या ओळीशेजारीं, त्या तीन महिन्यांच्या आत्याचें नांव मोडींतच लिहिलें. येथें तें देत नाहीं; तें आमच्या घरचें आहे. आत्या पलंगावरून पाहत होती.

"त्यांत माझं नांव आहे का रे?" तिनें विचारलें.

खोटें सांगवेना. "नाहीं, आत्या. 'कन्या जाहली' एवढंच आहे. आतां लिहितों. कोणतं लिहूं? माहेरचं कीं सासरचं?"

लग्नांत नांव बदललें तेव्हां ती सोळा वर्षांची होती. माहेरच्या नांवानें हांक मारणारें आतां कोणीच उरलें नव्हतें. तिनें थोडा विचार केला.

"दोन्ही लिही," ती म्हणाली. "जागा आहे ना?"

जागा पुष्कळ होती.