बढती आणि फळा

लंडनला वाढलेली माझ्या बहिणीची नात जपानात 'जेट' योजनेतून सहायक शिक्षिका म्हणून इंग्रजी शिकवते. १९८७ साली सुरू झालेल्या या योजनेत करार वर्षावर्षाचा, फार तर पाच वर्षं. तिचं चौथं चालू आहे. पुढे काय, ही तिची काळजी.

वाटा आहेत. केंब्रिजची 'डेल्टा' करावी, मग शिक्षकांना शिकवावं, विभाग सांभाळावा, परीक्षक व्हावं, पाठ्यपुस्तकं लिहावीत. पण जवळजवळ प्रत्येक वाट वर्गाबाहेर जाते! आपल्याकडे तरी वेगळं काय? चांगला शिक्षक मुख्याध्यापक झाला की फायलींत बुडतो.

'डेल्टा'च्या तीन भागांपैकी दुसरा प्रत्यक्ष शिकवण्याचा. म्हणून मी तीच सुचवली. बढती जरूर घ्यावी, पण आठवड्यातला एखादा तास स्वतःसाठी राखावा. फळ्यापुढचा.