मानधन दिलं म्हणजे हिशेब मिटला का?

'रूमफुल ऑफ टीथ' हा अमेरिकेतला गायनसमूह. ब्रॅड वेल्स यांनी २००९ मध्ये तो उभा केला. आठ गळे, वाद्य एकही नाही. त्यांच्यातलीच गायिका कॅरोलाइन शॉ हिने या आठ आवाजांसाठी 'पार्टिटा' रचलं आणि २०१३ मध्ये तिला संगीताचं पुलित्झर मिळालं. वय तीस, इतक्या लहान वयात ते आधी कुणालाच मिळालं नव्हतं. सुरुवातीला माणसं नुसती बोलत असतात, एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि अचानक त्या गलक्यातून सूर उभा राहतो. वस्तीतल्या सर्व्हेवरून परतताना बसमध्ये मी हे कितीतरी वेळा ऐकलंय. आवडतं, म्हणूनच लिहितोय.

यातल्या 'कुरांत' या भागात श्वासाचे, घशातून घुमणारे आवाज येतात. ते इनुइट बायकांच्या 'कताज्जाक'मधले. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे दंड धरतात आणि श्वासाची जुगलबंदी खेळतात. जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. मिशनऱ्यांनी हे गाणं दडपलं होतं, बायकांनी ते पुन्हा उभं केलं. २०१९ मध्ये इनुइट गायिका तान्या टागाक हिने जाहीर सवाल केला: आमचा आवाज घेतलात, नाव कुणाचं झालं? समूहाचं म्हणणं होतं की आम्ही इनुइट गायिकांना बोलावून, मानधन देऊन शिकलो.

मानधन दिलं हे चांगलंच केलं. पण मानधन शिकवण्याचं असतं. 'रचनाकार' ही जागा त्या पैशात येत नाही, आणि बक्षीस, रॉयल्टी, अभ्यासक्रमातलं पान, सगळं त्या जागेलाच मिळतं. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. "कला कुणाच्या मालकीची नसते," असं म्हणणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा मुखपृष्ठावर असतं!

हा युक्तिवाद आपल्याकडे जसाच्या तसा आणायला मात्र माझा विरोध आहे. इनुइटांचं गाणं हिरावलं गेलं होतं. आपल्याकडे वाजवणं जातीने लादलं होतं. हलगी ही गावकी होती. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्यांनी ती खाली ठेवली त्यांनी कला नाही सोडली, गुलामी सोडली. म्हणून "आमचा वारसा" म्हणत ती जातीच्या गळ्यात पुन्हा अडकवणं मला मान्य नाही. पठ्ठे बापूराव कुलकर्णी होते, पवळा महार. लावणीच्या इतिहासात शाहीर म्हणून कोण बसलं आणि 'त्यांची पवळा' म्हणून कोण उरलं, हे वेगळं सांगायला नको. आपल्या पोरांनी हलगी वाजवावी की व्हायोलिन, हे पोरांनी ठरवावं. वाजवलीच, तर ठेका कुणाचा हे लिहिलं गेलं पाहिजे.

गेल्या वर्षी एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या वस्तीतल्या चार पोरांना 'फ्युजन'साठी नेलं. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाचा कणा त्यांचा ठेका होता. पोस्टरवर संगीतकाराचं नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरात 'साथ: हलगी पथक'. पैसे वेळेवर मिळाले, हेही सांगतो.

यंदा पुन्हा फोन आला. पोरांनी सांगितलंय, आधी पोस्टरचा मजकूर पाठवा, चौघांची पूर्ण नावं टाकून. अजून उत्तर आलेलं नाही.