चोपड्याची बुरशी, शिंदखेड्याची बुरशी

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी एका रब्बीत हरभऱ्याची मेलेली झाडं गोळा करत हिंडलो. अमळनेर, तापीपलीकडे चोपडा, धुळ्याच्या बाजूला शिंदखेडा. "मर लागनी भाऊ," शेतकरी बांधावरूनच सांगायचे. पण तेवढ्यावर निदान होत नाही. झाड उपटून खोड उभं चिरायचं. मुळं वरून धडधाकट आणि आत तपकिरी-काळी रेघ, तर फ्युजेरियम बुरशीची मर. फुलोऱ्यानंतर ऊन तापल्यावर झाड वाळून पिवळं पडलं, उपटताना मूळ मोडून मातीतच राहिलं, तर ती रायझोक्टोनियाची कोरडी मूळकूज. दोन्ही एकाच शेतात सापडत, दुकानातून औषध मात्र एकच येई.

प्रयोगशाळेत बटाट्याच्या आगरावर वाढवल्यावर नुसत्या फ्युजेरियमचेही किती प्रकार! एका गावची कापसासारखी फुगलेली, दुसऱ्या गावची पातळ, ताटलीला चिकटलेली, तिसरीच्या तळाशी जांभळट रंग उतरलेला. अर्थात रंगरूपावरून तिचा जोर कळत नाही. त्यासाठी तिला रोपांवरच सोडावं लागतं. हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी १९८२ साली भारतातल्या या बुरशीचे चार वंश वेगळे काढले, तेही ठरावीक वाणांपैकी कोणता मरतो, कोणता तगतो हे पाहूनच. एका वंशाला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे मान टाकतो. माझ्या कुंड्यांत 'जेजी ६२' सगळीकडे मेला; तो मरण्यासाठीच लावतात म्हणा.

बियाण्याच्या पिशवीवर 'मर प्रतिकारक' छापलेलं असतं. कोणत्या वंशाला, ते नसतं. ते छापायला हवं, आणि आपल्या तालुक्यात कोणता वंश आहे हेही शेतकऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर त्या छापण्याला अर्थ नाही.

अमळनेरकडच्या एका काकांनी विचारलं, मग पेरू काय? मी राहुरीच्या विजय, दिग्विजय या वाणांची नावं घेतली, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायला सांगितलं. पण झाडं मेली त्या तुकड्यात सध्या हरभरा नको, म्हटलं. पीक नसलं तरी ही बुरशी मातीत सहा वर्षं तग धरते.

"सहा वरीस? तवलग पोऱ्यानं लगीन व्हई जाई!" काका हसले.

तिथे त्यांनी मका लावायचं ठरवलं, हरभरा वरच्या शेतात. तिकडे जाण्याआधी नांगराला आणि ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली माती धुऊन टाका, एवढं मी निघताना पुन्हा बजावलं.