मूत्रपिंडाचा गैरसमज

रक्तदाब वाढला की आपल्याकडे पहिला दोष स्वभावाला दिला जातो. आणि रोगी स्त्री असेल तर ‘फार मनाला लावून घेते’ एवढ्यावर निदान आटोपते. भिलाईतल्या आमच्या बिऱ्हाडी हेच चालले होते. पत्नीचे वय चौतीस. तीन गोळ्या घेऊनही वरचा आकडा 170 च्या खाली येईना. शेजारणी म्हणत, परमुलखातल्या बदलीचा हा ताप. तीही बिचारी तोंडाशी आलेला शब्द गिळू लागली.

अखेर एका डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या पोटावर ठेवला. बेंबीच्या वर त्यांना घरघर ऐकू आली. अरुंद वाटेने रक्त वाहताना असा आवाज होतो. रायपूरच्या तपासात उजव्या मूत्रपिंडाची धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसली : आवळ, फुगवटा, पुन्हा आवळ. रोगाचे नाव फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया. यात चरबी साचत नाही, दाह नसतो. धमनीच्या भिंतीची घडणच बिघडते. बहुतेक रोगी स्त्रियाच असतात.

मूत्रपिंडाचे वागणे मला ओळखीचे वाटले. आपल्या टेबलाशी रक्त कमी आले की साऱ्या देहातच टंचाई आहे असे ते समजते, आणि रेनिन सोडून दाब वाढवण्याचे हुकूम काढीत राहते. कारकून प्रामाणिक, त्याच्याकडे येणारी वाट तेवढी अरुंद.

1938 साली लेडबेटर व बर्कलँड या अमेरिकन डॉक्टरांनी साडेपाच वर्षांच्या एका मुलाचे मूत्रपिंडच काढले, तेव्हा त्याचा दाब उतरला. या रोगाची ती पहिली नोंद मानतात. म्हणजे कारकुनालाच बडतर्फ केले! 1978 मध्ये ग्रुंट्सिग यांनी मूत्रपिंडाची आवळलेली धमनी फुग्याने रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. आता मांडीतून बारीक नळी नेऊन फुगा क्षणभर फुगवतात व काढून घेतात. या रोगात स्टेंट सहसा लागत नाही. तरुण वयात आणि दाब नुकताच चढलेला असताना गुण अधिक येतो. मात्र वाट पुन्हा आवळू शकते, म्हणून देखरेख कायमची. मानेच्या धमन्याही तपासून घ्याव्या लागतात.

तरुणपणी चढलेला दाब औषधांना जुमानत नसेल, तर त्याचे कारण डॉक्टरांना अवश्य विचारावे. आमच्या घरी आता एक गोळी आणि एक ॲस्पिरिन पुरते. परवा सुपेल्याच्या बाजारात पत्नीने भाजीवाल्याशी मनसोक्त हुज्जत घातली. संध्याकाळी दाब मोजला : 126.