सोडलेला मासा

महेश्वरच्या घाटावर नर्मदेतील माशांना कणकेच्या गोळ्या घालणे, एवढाच आमच्या इंदूरच्या शाकाहारी घराण्याचा मत्स्यकुळाशी संबंध. २०२३च्या ऑक्टोबरात मात्र चिरंजीवांनी आम्हां उभयतांस अमेरिकेतील शॅम्प्लेन सरोवरावर 'बास' मासे धरण्याच्या कौटुंबिक सहलीस नेले. न्यू यॉर्क व व्हरमाँट या राज्यांच्या सीमेवरील ते सरोवर सुमारे १९० किलोमीटर लांब. काठावर तांबडे-पिवळे मेपल. पाणी थंडावू लागले की बास हिवाळ्यापूर्वीची बेगमी म्हणून अधाशीपणे खातात, म्हणून हा ऋतू गळाचा. व्हरमाँटमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांस परवाना लागत नाही, हे मी जुन्या सरकारी सवयीने विचारून घेतले.

बारा वर्षांच्या नातवाच्या गळास मासा लागला. त्याने हात ओले केले, गळ हलकेच काढला आणि मासा पाण्यात सोडला. "कोरडा हात लावला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जाते, आजी," तो मोडक्या मराठीत म्हणाला.

"सोडायचाच, तर टोचायचा कशाला रे?" सौभाग्यवतींनी विचारले. तो गप्प राहिला. मलाही उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गळ टाकलाच. पण तत्पूर्वी पक्कड घेऊन गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. त्यामुळे मासे अधिक निसटतात, हे त्यास ठाऊक होते.

होळकरशाहीत माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजांनी मराठी जपली. नातवापर्यंत ती पोहोचेल का, ही चिंता मला होती. व्याकरण पोहोचले नसेल. आजीचा प्रश्न मात्र पोहोचला.